डोळ्यांचे थेंब पोटात गेले, तर?

‘बाळाने आजीच्या डोळ्यांची बाटली चोखली, पण आता शांत झोपले आहे. काळजीचे कारण आहे का?’ ‘व्हिटॅमिन डीऐवजी चुकून डोळ्यांचे थेंब पाजले गेले, उलटी काढावी का?’ ‘थेंब घातले की घसा कडू होतो, म्हणजे रोज थोडे विष पोटात जाते का?’ वाचकांकडून असे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. तिसऱ्या प्रश्नाला सवडीने उत्तर देता येईल. पहिल्या दोन प्रश्नांत मात्र उत्तराची वाट पाहण्याइतका वेळ नसतो, म्हणून आधी तेच.

पहिल्या प्रश्नातला ‘शांत झोपले आहे’ हा भाग सर्वात घातक आहे. डोळ्यांच्या काही औषधांची विषबाधा लहान मुलांत झोपेच्या रूपानेच सुरू होते. मूल रडत नाही, लोळत नाही, पोट धरून बसत नाही. ते मलूल होते, मांडीवर डोके टाकते आणि झोपी जाते. घरच्यांना हायसे वाटते, आणि त्याच वेळी नाडीचे ठोके व श्वास मंदावत असतात. म्हणून बाटली तोंडात गेल्यानंतरची अवेळी झोप हे धोक्याचे लक्षण समजा.

आत्ताच घडले असेल, तर हे करा

- बाटली काढून घ्या. मुलाच्या तोंडातले थुंकायला लावा किंवा ओल्या स्वच्छ फडक्याने तोंड आतून पुसून घ्या. औषध हाताला, गालाला लागले असेल तर तेही धुवा.
- घड्याळ पाहा आणि वेळ कागदावर लिहा. गडबडीत पुढे कुणालाच वेळ आठवत नाही आणि डॉक्टरांचा पहिला प्रश्न तोच असतो.
- बाटलीवरचे औषधाचे मूळ नाव वाचा. ब्रँडच्या मोठ्या अक्षरांखाली ते बारीक अक्षरांत असते. मोबाइलने फोटो काढून मोठा करून पाहा.
- मूल जागे, खेळते असेल तर नवी दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विष माहिती केंद्राला १८०० ११६ ११७ या निःशुल्क क्रमांकावर फोन करा. तो चोवीस तास चालू असतो. वय, अंदाजे वजन, औषधाचे नाव, टक्केवारी, किती गेले आणि केव्हा गेले, एवढे सांगा.
- मूल पेंगत असेल, हाक मारल्यावर नीट पाहत नसेल, अंग गार किंवा पांढुरके पडले असेल, श्वास थांबत-थांबत चालू असेल, झटके येत असतील, तर माहिती केंद्राला फोन करत बसू नका. १०८ ला फोन करा किंवा हाताशी गाडी असेल तर निघा.
- नेताना मुलाला कुशीवर ठेवा, म्हणजे उलटी झाली तरी श्वासनलिकेत जाणार नाही. एक जण फक्त त्याच्या श्वासाकडे लक्ष देईल. श्वास थांबलाच तर १०८ वरची व्यक्ती सांगेल तसे करत राहा.
- बाटली, खोके, चिठ्ठी, जे असेल ते बरोबर घ्या. रिकामी बाटलीसुद्धा.

आणि हे करू नका

उलटी काढू नका. घशात बोट घालणे, मिठाचे पाणी पाजणे, चिंचेचे पाणी, कडुनिंबाचा रस, साबणाचे पाणी, सगळे टाळा. पेंगणाऱ्या मुलाची उलटी फुप्फुसात जाऊ शकते. शिवाय दाट मिठाचे पाणी ही लहान मुलासाठी स्वतंत्र विषबाधाच आहे. रक्तातले सोडियम त्याने धोकादायक पातळीवर चढते. दूध विष मारते ही समजूतही सोडा. या औषधांवर दुधाचा किंवा तुपाचा काही उतारा नाही, फक्त भरलेल्या पोटाने उलटीचा धोका वाढतो. ‘थोडे झोपू दे, उठले की बघू’ असे घरातले कुणी वडीलधारे म्हणतील. त्यांचा मान राखा, पण ते ऐकू नका.

कुठे न्यायचे?

सवयीने आपण कोपऱ्यावरच्या दवाखान्यात धावतो. विषबाधेत मुलाला लागतात त्या सोयी म्हणजे ऑक्सिजन, रक्तदाब व नाडी सतत दाखवणारे यंत्र, ईसीजी आणि रात्रभर जागे असणारे कर्मचारी. एका खोलीच्या दवाखान्यात यातले बहुधा काही नसते आणि तिथे रांगेत गेलेला अर्धा तास परत मिळत नाही. शहरात असाल तर बालरोग विभाग असलेल्या रुग्णालयाच्या अपघात विभागात थेट जा. गावात असाल तर जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय गाठा. तिथे ऑक्सिजन लावून, सलाइनची सुई टोचून मगच १०८ ने पुढे जाणे, हे तसेच जिल्ह्याच्या गावी धावण्यापेक्षा सुरक्षित असते.

कोणते थेंब किती धोक्याचे

बाटल्या सगळ्या सारख्याच दिसतात, पाच किंवा दहा मिलिच्या, मऊ प्लॅस्टिकच्या. आतल्या औषधांत मात्र जमीन-अस्मानाचा फरक असतो. ब्रँडच्या नावांवर जाऊ नका, पुढची मूळ नावे ओळखीची करून घ्या.

*लाली घालवणारे थेंब.* डोळे लाल झाले, चुरचुरले की मेडिकलमधून सहज आणले जातात ते हे. यांत नॅफाझोलिन किंवा टेट्राहायड्रोझोलिन असते. चोंदलेल्या नाकासाठीचे झायलोमेटाझोलिन आणि ऑक्सिमेटाझोलिन याच कुळातले. डोळ्यात पडले की रक्तवाहिन्या आवळतात आणि पांढरा भाग पुन्हा पांढरा दिसतो. पोटात गेले की औषध मेंदूपर्यंत पोहोचते आणि तिथे गुंगी आणते, नाडी मंद करते, श्वास उथळ करते, अंग गार पाडते. सुरुवातीला रक्तदाब चढून नंतर उतरू शकतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ऑक्टोबर २०१२ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला. १९८५ पासून त्यांच्याकडे अशा ९६ नोंदी होत्या, सगळी मुले एक महिना ते पाच वर्षे वयाची. त्यांपैकी ५३ जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले होते. मृत्यू एकही नव्हता. याचा अर्थ वेळेवर उपचार झाले तर मूल वाचते. पण त्याच इशाऱ्यात असेही आहे की १ ते २ मिलि एवढे औषधही लहान मुलाला गंभीर अवस्थेत नेऊ शकते. चहाच्या चमच्यात ५ मिलि मावतात, त्यावरून अंदाज घ्या. लक्षणे बहुधा पहिल्या तासातच दिसू लागतात, पण चार तासांपर्यंत उशीरही होऊ शकतो.

*काचबिंदूचे थेंब.* आजी-आजोबांच्या उशाशी असतात ते बहुधा हे. ब्रिमोनिडिनचा परिणाम वरच्या कुळासारखाच होतो, किंबहुना तान्ह्या मुलांत तो जास्त तीव्र असतो. दोन वर्षांखालच्या मुलांच्या डोळ्यातसुद्धा हे औषध घालत नाहीत, कारण तेवढ्यानेही श्वास थांबू शकतो. टिमोलॉल हे हृदयाचे ठोके मंद करणारे औषध आहे. ते पोटात गेले तर नाडी आणि रक्तदाब खाली जातात, लहान मुलात रक्तातली साखर उतरू शकते आणि दम्याच्या रुग्णाला धाप लागते. दोन्ही औषधे एकाच बाटलीत असलेले थेंबही मिळतात, तेव्हा नाव शेवटपर्यंत वाचा. पायलोकार्पिन आता कमी वापरले जाते. त्याने घाम, लाळ, जुलाब आणि मंद नाडी अशी लक्षणे दिसतात.

*बाहुली मोठी करणारे थेंब.* अ‍ॅट्रोपिन, होमॅट्रोपिन, सायक्लोपेंटोलेट. मुलांच्या चष्म्याचा नंबर काढण्याआधी किंवा डोळ्याच्या आतल्या सुजेवर ही दिली जातात. इथे चित्र उलटे असते. मूल झोपत नाही, उलट सैरभैर होते. चेहरा लालबुंद, कातडी कोरडी आणि गरम, तोंड सुकलेले, बाहुल्या मोठ्या, नाडी धावती, लघवी तुंबलेली. कधी मूल असंबद्ध बोलते किंवा हवेत काहीतरी पकडायला जाते. ताप समजून पॅरासिटॅमॉल देण्यात वेळ घालवू नका.

*तुलनेने कमी धोक्याचे.* कोरड्या डोळ्यांसाठीचे कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज आणि मॉक्सिफ्लॉक्सॅसिन, टोब्रामायसिन यांसारखी प्रतिजैविके. यांचे काही थेंब पोटात गेल्याने सहसा मळमळ किंवा कडू तोंड यापलीकडे काही होत नाही. तरीही फोन एकदा कराच, कारण बाटलीत नेमके तेच आहे याची खात्री झालेली बरी.

टक्केवारीचा हिशेब

‘इवलीशी बाटली, तीही अर्धी सांडलेली, त्यात असे काय असणार?’ असे वाटते, कारण लेबलवरचा टक्क्याचा आकडा फार लहान दिसतो. एक साधा हिशेब शिकून ठेवा. टक्केवारीला १० ने गुणा, म्हणजे एका मिलित किती मिलिग्रॅम औषध आहे ते कळते. टिमोलॉल ०.५ टक्के म्हणजे मिलित ५ मिलिग्रॅम आणि पाच मिलिच्या बाटलीत २५. अ‍ॅट्रोपिन १ टक्का म्हणजे मिलित १० मिलिग्रॅम. इस्पितळात मोठ्या माणसाला टोचायच्या अ‍ॅट्रोपिनच्या एका अँप्यूलमध्ये साधारण ०.६ मिलिग्रॅम असते. म्हणजे डोळ्यांच्या त्या बाटलीतला एकच थेंब जवळजवळ एका इंजेक्शनइतका, आणि एक मिलि सोळाहून अधिक इंजेक्शनांइतके. मायनस नंबर वाढू नये म्हणून मुलांना रोज रात्री दिले जाणारे अ‍ॅट्रोपिन मात्र बहुधा ०.०१ टक्का असते, म्हणजे याचा शंभरावा भाग. नाव एकच असले तरी फोनवर टक्केवारी सांगायला हवी ती यासाठी.

किती गेले हे नक्की कुणीच पाहिलेले नसते. कालपर्यंत बाटलीत किती होते याचा अंदाज घ्या, आता उरलेले त्यातून वजा करा, सांडलेले मात्र वजा करू नका. कमीत कमीचा अंदाज सांगून मनाचे समाधान होईल, पण उपचार जास्तीत जास्तीच्या अंदाजावर ठरवावे लागतात.

रुग्णालयात काय होईल

बहुतेक वेळा डॉक्टर मुलाला काही तास देखरेखीखाली ठेवतात. लक्षणे नसली तरी चार ते सहा तास थांबायला सांगतील, लक्षणे असली तर रात्रभर. नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन, साखर तपासतील आणि ईसीजी काढतील. पोट धुण्याचा आग्रह धरू नका. द्रवरूप औषध फार लवकर रक्तात उतरते, त्यामुळे बहुधा त्याचा उपयोग नसतो आणि पेंगणाऱ्या मुलात धोका असतो. लाली घालवणाऱ्या थेंबांवर हमखास लागू पडेल असा उतारा नाही. श्वास आणि रक्तदाब सांभाळत औषधाचा अंमल उतरू देणे हाच मुख्य उपचार. तो साधारण एका दिवसात उतरतो. ‘नुसते झोपवून ठेवले, काहीच केले नाही’ अशी तक्रार नातेवाईक करतात. त्या पलंगाशेजारच्या यंत्रावरचे आकडे पाहणे हेच तिथले काम असते.

तुमचे हक्क, आणि पोलिसांची भीती

विषबाधेचे नाव निघाले की काही खासगी रुग्णालये ‘ही पोलीस केस आहे, सरकारीत न्या’ म्हणतात. परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितले आहे की जीव वाचवणे हे प्रत्येक डॉक्टरचे, सरकारी असो वा खासगी, पहिले कर्तव्य आहे आणि पोलिसांच्या सोपस्कारांसाठी उपचार थांबवता येत नाहीत. पुढे न्यावे लागणार असेल तरी आधी प्रथमोपचार करून मूल प्रवासाला तयार करून द्या, असे ठामपणे म्हणा.

रुग्णालय ‘एमएलसी’ (वैद्यकीय-कायदेशीर प्रकरण) म्हणून नोंद करेल. पोलीस येऊन काय घडले ते विचारतील. अपघात असेल तर जसे घडले तसे सांगा. आई ओरडा खाईल, आजीवर बोट येईल, या भीतीने अनेक घरांत ‘काय खाल्ले माहीत नाही’ असे सांगितले जाते आणि डॉक्टर भलत्याच विषाच्या मागे लागतात. घरातला दोष कुणाचा यावर नंतर बोला. कॅज्युअल्टीच्या दारात फक्त बाटली पुढे करा.

घरी जाताना डिस्चार्ज कार्डावर औषधाचे मूळ नाव, अंदाजे मात्रा आणि वेळ लिहून घ्या.

एक नाजूक बाब. दहा-बारा वर्षांच्या पुढच्या मुलाने बाटली ‘चुकून’ प्यायली असे वाटत असेल, पण हकीकत जुळत नसेल, तर डॉक्टरांना एकट्याला गाठून तसे सांगा. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने जीव देण्याचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले जाते, तिला शिक्षा होत नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक अशा वेळी तुमच्यासाठीही आहे.

पाजताना झालेली चूक

दुसरा प्रश्न तान्ह्या बाळाच्या घरातला. व्हिटॅमिन डीचे थेंब, पोटदुखीचे थेंब, नाकाचे सलाइन, आईच्या डोळ्यांचे औषध, सगळे एकाच टोपलीत. रात्री अडीचला, दिवा न लावता, पेंगुळलेल्या डोळ्यांनी बाटली उचलली जाते. नाकाच्या बाबतीत तर बाटल्या इतक्या सारख्या असतात की नुसत्या सलाइनऐवजी मोठ्यांचे झायलोमेटाझोलिन बाळाच्या नाकात जाते. ते नाकातूनही शोषले जाते आणि तेवढ्यानेही बाळ गुंगीत जाऊ शकते. उपाय वर दिलेलेच. तान्ह्या बाळाच्या बाबतीत ‘दोनच थेंब गेले’ म्हणून वाट पाहू नका, लगेच फोन करा.

ज्येष्ठांचेही असे होते. ज्याची दृष्टी अधू म्हणून औषध सुरू झाले, त्यालाच त्या बाटलीवरचे बारीक अक्षर वाचायला लावले जाते. मोठ्या माणसाच्या पोटात कोरड्या डोळ्यांच्या औषधाचे चार थेंब गेले तर चूळ भरून पाणी प्यायला हरकत नाही. टिमोलॉल किंवा ब्रिमोनिडिन असेल आणि माणूस दम्याचा, हृदयविकाराचा किंवा रक्तदाबाच्या गोळ्या घेणारा असेल, तर त्यालाही रुग्णालयात न्या.

घसा कडू होतो तेव्हा

आता तिसरा प्रश्न. डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यातून एक बारीक नळी नाकात उतरते. रडताना नाक वाहते ते तिच्यामुळे. थेंबाचा काही भाग त्याच वाटेने घशात जातो आणि कडू लागतो. ही विषबाधा नाही. पण औषध वाया जाते आणि टिमोलॉलसारखे औषध त्या वाटेने रक्तातही जाते, म्हणून थेंब घातल्यावर डोळा अलगद मिटा आणि नाकाजवळच्या कोपऱ्यावर बोटाच्या टोकाने दोन मिनिटे दाब द्या. एका वेळी एकच थेंब. डोळ्यात पुरता एक थेंबही मावत नाही, दुसरा गालावरून किंवा घशात जाणार. दोन औषधे असतील तर मध्ये पाच मिनिटे जाऊ द्या.

नंबर काढण्यासाठी अ‍ॅट्रोपिन सुरू असलेल्या मुलाचा चेहरा लाल झाला, अंग तापले, ते चिडचिडे झाले, तर पुढची मात्रा थांबवा आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना त्याच दिवशी विचारा. मूल असंबद्ध बोलू लागले तर रुग्णालय गाठा.

बाटली कुठे ठेवायची

‘मुलांपासून दूर ठेवा’ हे लेबलवर छापलेलेच असते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर दिवसातून चार-सहा वेळा थेंब घालायचे असतात, तेव्हा बाटली उशाशीच राहते. कपाटाला कुलूप लावण्याचा सल्ला त्या घरात दोन दिवस टिकतो. त्यापेक्षा हे जमेल:

- झाकणाचा एक डबा आणि मोठ्यांच्या खांद्याच्या वरच्या उंचीची एकच जागा. बाटली डब्यातून निघते, डोळ्यात थेंब पडतो, बाटली परत डब्यात. उशी, गाऊनचा खिसा, पर्स आणि खिडकीची कड या चार जागा बंद.
- फ्रिजमध्ये ठेवायचे थेंब दाराच्या कप्प्यात नकोत. चॉकलेट तिथेच असते आणि मूल ते दार उघडायला सर्वात आधी शिकते. वरच्या फळीवर, मागे, डब्यात ठेवा.
- तोंडावाटे द्यायच्या औषधांची टोपली वेगळी. त्यात डोळे, नाक, कान यांची एकही बाटली नको.
- पाजण्यापूर्वी दिवा लावा आणि नाव मोठ्याने वाचा.
- ‘जा, आजोबांची बाटली आण’ हे काम दोन-तीन वर्षांच्या मुलाला देऊ नका. कौतुकाने दिलेल्या या कामातून त्याला बाटलीची जागा पाठ होते. या बाटलीचे निमुळते मऊ टोक दुधाच्या बाटलीच्या बोंडीसारखे असते. ते तोंडात घालून दाबायला मुलाला शिकवावे लागत नाही.
- पाहुण्यांच्या पर्सकडे लक्ष ठेवा. सुटीत गावी जाल तेव्हा तिथल्या घरातल्या बाटल्या आधी उचला.

अमेरिकेत २०१२ च्या इशाऱ्यानंतर लाली घालवणाऱ्या थेंबांना मुलांना सहज न उघडणारे झाकण सक्तीचे झाले. आपल्याकडच्या बहुतेक बाटल्यांचे झाकण साधे फिरवले की निघते. मला वाटते, सुरक्षित झाकणाची मागणी ग्राहकांनी आणि बालरोगतज्ज्ञांनी लावून धरायला हवी. तोवर मेडिकलमधून डोळ्यांचे औषध घेताना एवढे तरी विचारा: हे लाली घालवणारे आहे का, आणि घरात लहान मूल असताना ते खरेच लागणार आहे का? नुसत्या चुरचुरीला बऱ्याचदा कोरड्या डोळ्यांचे साधे थेंब पुरतात.

उघडलेली बाटली एका महिन्यानंतर वापरायची नसते. उरलेले औषध जुन्या कापडात पिळून टाका, झाकण घट्ट लावा, बाटली कागदात गुंडाळून थेट बाहेरच्या कचऱ्यात टाका. घरातल्या उघड्या डब्यात टाकलेली बाटली मूल बाहेर काढते.

असा प्रसंग घडून गेला असेल तर त्याची नोंद भारताच्या औषधसुरक्षा कार्यक्रमाकडे १८०० १८० ३०२४ या निःशुल्क क्रमांकावर करता येते. त्यासाठी डॉक्टर असावे लागत नाही. दोन बाटल्या सारख्या दिसल्यामुळे चूक झाली असेल, तर दोन्हींचे फोटो काढून ठेवा आणि फोनवर ते आवर्जून सांगा.